खोटा सांगावा

कावळा डोक्यावर बसला तेव्हा पद्माबाईचे दोन्ही हात तांदळाच्या पाण्यात होते.

शाळेच्या मागच्या नळावर ती रोजच तांदूळ धुवायची आणि रोजच कावळे भिंतीवर येऊन बसायचे. त्यांच्यात आणि तिच्यात एक न बोललेला करार होता. भात उतरेपर्यंत त्यांनी भिंत सोडायची नाही, आणि खरवड निघाली की तिने ती त्यांच्या बाजूला फेकायची. आज त्यातल्या एकाने करार मोडला. कानाशी पंख फडफडले, पदरातून नख्या टोचल्या, आणि ती ओरडेपर्यंत तो परत भिंतीवर जाऊन मान वाकडी करून बसलाही होता.

"बसला! डोक्यावर बसला गं बाई!" जोडीला कांदे चिरत बसलेली राजूबाई विळी आडवी टाकून उठली.

"उगं बोंबलू नको. पाय घसरला असंल त्याचा."

"घसरायला त्यो काय शेळी हाय? बसला. म्या डोळ्यानं बगितलं. जा, आदी घरला जा, डोक्यावरून पानी घे."

"आन भात?"

"भात मी बगते. मेलेल्या मानसानं भाताची फिकीर करू न्हाई," राजूबाई बोलून गेली आणि मग तिने स्वतःच्याच तोंडावर चापट मारून घेतली.

खजुरीत शेंबडं पोरही सांगेल की डोक्यावर कावळा बसला म्हणजे वरून बोलावणं आलं. त्याला उतारा एकच. त्या माणसाच्या मरणाचा खोटा सांगावा लांब राहणाऱ्या नातलगाला धाडायचा, घरच्यांचं रडणं धरत नाहीत. त्याने खरं समजून रडायचं. दिवे लागायच्या आत कुणाच्या तरी डोळ्यातून खरं पाणी आलं की मरण फसतं. रडणं झालं, म्हणजे इथलं काम उरकलं, असं समजून ते आल्या वाटेने परत जातं. मग रडणाऱ्याच्या तोंडात गुळाचा खडा घालायचा आणि सांगायचं, आहे हो, माणूस जिवंत आहे.

एरवी पद्माबाई हसली असती. कावळ्यांना तिच्याइतकं जवळून गावात कुणी ओळखत नव्हतं. पण येत्या सोमवारी गुलबर्ग्याला तिचं पिशवी काढायचं ऑपरेशन होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, साधं आहे, आठवड्यात चालत घरी जाल. त्या दिवसापासून ती रोज निजताना 'साधं आहे, साधं आहे' म्हणत पडायची, आणि आता नेमका हा काळतोंड्या. ओले हात पदराला पुसत ती घराकडे निघाली.

*

सासू गंगव्वा ओसरीवर तूर पाखडत होती. घरातले सगळे तिला अव्वा म्हणत. ऐकून घेतल्यावर तिने सूप खाली ठेवलं, सुनेला डोक्यावरून पाणी घ्यायला लावलं, आणि ओल्या केसांनी माजघरात बसवून ठेवलं. "उंबऱ्याभाईर यायचं न्हाई. तू मेलीयास आता."

पद्माबाईचा नवरा इरप्पा बांधावरून जेवायला आला होता. मेंढरं विकल्यापासून तो लोकांच्या रानात राबायचा आणि मेंढरांशी जेवढं बोलायचा तेवढंही माणसांशी बोलायचा नाही. तो दाराशी उकिडवा बसला.

"माहेरी सांगावा धाडा," अव्वा म्हणाली. "बाईला माहेरच रडतंय."

मग माजघरातून पद्माबाईचा आवाज आला. "ठाणाकुशनूरला आता कुलूप हाय अव्वा. आई गेली, दादा गेला. वैनी लेकराबाळाला घेऊन हैद्राबादला. तिकडं रडायला कोन हाय?"

हे ती नेहमीच्या आवाजात बोलली, हळद संपली म्हणून सांगावं तसं. पण बोलल्यावर तिला ते स्वतःलाच ऐकू आलं. रडायला कोण आहे?

इरप्पाने घसा खाकरला. "अक्काला..."

"न्हाई," माजघरातून लगेच आलं. "तिला न्हाई."

अक्का म्हणजे इरप्पाची थोरली बहीण चन्नव्वा. आळंदला दिलेली. तिच्या मुलाच्या, श्रीशैलच्या लग्नात हळदीच्या रात्री बायका गाण्यात नावं घेऊन एकमेकींची खोडी काढत होत्या, आणि चन्नव्वाने टाळी वाजवून भावजयीचं नाव घातलं. शाळेच्या भाताची मावशी, मांडवात आली तरी हातातला डाव सोडंना, नवऱ्याला जेवायला वाढताना बी म्हनती, रांगंत बस, हात धुवून ये. मांडव कोसळेपर्यंत हसला. नव्या सोयऱ्यांच्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. पद्माबाई भरलं ताट सोडून उठली आणि रात्रीच्या जीपने गावी आली. हळदीतलं बोलणं हळदीसोबत धुऊन जातं, ते कुणी मनाला लावून घेत नसतं, असं सगळे म्हणाले. तिनेही तेच स्वतःला सांगून पाहिलं. पण गाणं म्हणजे गाणं. एकदा चार लोकांत म्हटलं की ते म्हणणाऱ्याचं राहत नाही. पुढे किती दिवस शाळेतली पोरं रांगेत ते म्हणायची. त्याला आता चार-पाच वर्षं झाली होती. दोघींनी एकमेकींचा उंबरा ओलांडला नव्हता.

"मग कसं करावं?" अव्वा म्हणाली.

परीक्षेच्या सुट्टीला घरी आलेली पद्माबाईची लेक प्रतीक्षा इतका वेळ माळवदाच्या शिडीवर बसून ऐकत होती. ती आळंदला कॉलेजात होती, आणि तिच्याकडे बोटभर पडद्याचा एक फोन होता. "फेसबुकवर टाकू," ती म्हणाली.

"त्ये काय असतंय?"

"चावडी हाय समज अव्वा. आपल्या गावची समदी पोरं तिथं बसत्यात. पुन्याची, हैद्राबादची, सोलापूरची. 'आम्ही खजुरीकर' म्हून गट हाय."

"तितं रडत्यात का?"

"रडत्यात बी, हसत्यात बी, भांडत्यात बी."

"मंग टाक," अव्वा म्हणाली. "एकजन तर रडंल."

पद्माबाईने एकच अट घातली. योगीराजला आधी खरं सांगायचं. पोरगा पुण्याला कंपनीत मशीनवर होता, भलतं ऐकून हात सुटला तर? फोन लागला तसा तिने ओरडूनच सुरुवात केली, कारण पुणे लांब होतं. "जोगी, मी मरायलेय रे आज! घाबरू नको!"

पलीकडे मशीनची घरघर आणि मग एक मोठा श्वास. सगळं समजावून होईपर्यंत तो नुसता "आई... आई..." करत राहिला. शेवटी म्हणाला, "बरं, मी बी लिहू का काही?"

"तू कायबी लिवू नको. कुनाचा फोन आला तर उचलू नको. तुझं रडनं धरत न्हाईत, तुला ठावं हाय."

तसाच इरप्पाचा फोनही बंदोबस्तात गेला. तोंडाने खोटं बोललं तर पाप लागतं, लिहिलं तर तितकं लागत नाही, असा अव्वाने निवाडा दिला आणि तो फोन ज्वारीच्या कणगीत खोल खुपसून टाकला.

फोटोवरून थोडी हुज्जत झाली. एकच बरा होता, पंधरा ऑगस्टला जिलेबी वाटतानाचा, आणि त्यात पद्माबाई मोठ्याने हसत होती.

"दात दिसायलेत त्यात माझे."

"मंग? मेलेल्या मानसाला दात नसत्यात का?" प्रतीक्षा म्हणाली, आणि लिहायला लागली. 'आमची आई पद्माबाई इरप्पा आज सकाळी आम्हाला सोडून' इथपर्यंत अंगठा भराभर चालला आणि मग थांबला. पुढचा शब्द काही केल्या उमटेना. तिने माजघराकडे पाहिलं. आई ओल्या केसांनी भिंतीला टेकून तिच्याचकडे बघत होती.

"प्रतीक्षे, डोळं पूस," अव्वा म्हणाली. "तुझं बी चालत न्हाई."

*

फोनला रेंज फक्त माळवदावर, तीही दक्षिणेच्या कोपऱ्यात. प्रतीक्षा वर उभी राहून वाचायची, अव्वा खाली अंगणात मान वर करून ऐकायची, आणि मेलेली पद्माबाई माजघरात दाराच्या फटीशी कान लावून.

"आलं! एक आलं!"

"काय म्हनतंय?"

"आर आय पी."

"त्ये काय?"

"इंग्रजीत म्हनत्यात. म्हंजे शांत झोप."

"झोप?" अव्वाने कमरेवर हात ठेवले. "झोप म्हनायला ती काय पाळन्यात हाय? रडलं का, त्ये सांग."

"कसं कळंल अव्वा? लिहिलंय फकत."

थोड्या वेळाने अजून एक आर आय पी आलं, मग आणखी दोन-तीन. जणू एकाने लिहिलं म्हणून दुसऱ्याने, रांगेत मागे उभं राहिल्यासारखं. मग एकाने विचारलं, कोण पद्माबाई? दुसऱ्याने लिहिलं, माहीत नाही रे, इरप्पाकाकांकडची असेल. माजघरात पद्माबाईने दाराची फट थोडी लहान केली. इतकी वर्षं त्याच पोरांच्या ताटात भात वाढला, आणि नाव कुणाला ठाऊक नाही. पण ते तरी कुठून ठाऊक असणार, तिनेच कधी सांगितलं होतं का? पोरं मावशी म्हणायची, ती ओ द्यायची.

मग कुणीतरी तिसऱ्याने लिहिलं, 'अरे भाताची मावशी!' आणि चावडी भरली.

"भावपूर्ण श्रद्धांजली! अजून एक भावपूर्ण! ह्यानं लिहिलंय, मावशी माझ्या ताटात खरवड जास्त घालायची. हा म्हनतो, वर्गात मार खाल्ला की मावशीच्या चुलीपाशी जाऊन बसायचो. आन हा म्हनतो..." प्रतीक्षा हसली. "मावशी म्हंजे बाप!"

"बाप? बाईमानसाला बाप?"

"तसं न्हाई अव्वा. लई भारी असलं की बाप म्हनत्यात आता."

"आमच्या वक्ताला बाप म्हनलं की भ्याव वाटायचं," अव्वा पुटपुटली. "बरं, रडला का त्यो?"

"आन वीस-पंचवीस जनांनी लाईक केलंय."

"त्ये काय?"

प्रतीक्षा जरा घुटमळली. "आवडलं म्हून बटन दाबत्यात."

माजघरातून मेलेल्या बाईचा आवाज आला. "मी गेले त्ये?"

"न्हाई गं आई! म्हंजे... वाचलं आमी, ऐकलं, असं. मयतीला येऊन नुसतं बसून जात्यात न्हवं का लोकं, तसं."

हे पद्माबाईला पटलं. मयतीला नुसतं बसून जाणारी माणसंही लागतात. सगळेच रडले तर चहा कोण करणार?

दुपार कलली. तुरीच्या रानावरून आलेला वारा कोरडा होता. प्रतीक्षा अचानक शिडीवरून धडधडत खाली आली. "अव्वा, रडलंय एकजन! बग!" तिने फोन आजीच्या डोळ्यांसमोर धरला. "ही दोन टिंबं म्हंजे डोळे. हा कंस म्हंजे तोंड, वाकडं झालेलं. आन हितं मदी बारकं टिपूस दिसायलंय का? त्ये पानी."

अव्वाने फोन हातात घेतला. नाकाशी नेला. मग आपल्या खरबरीत बोटाने त्या टिपसावरून हळूच पुसून बघितलं, आणि बोट अंगठ्याला घासलं.

"कोरडं हाय," ती म्हणाली, आणि फोन परत दिला.

प्रतीक्षा हसायला गेली, पण तिला हसू आलं नाही. आजी खोटं बोलत नव्हती.

पद्माबाई आत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पोरं चांगलं लिहीत होती. ऐकून तिला ऊबही वाटत होती, पाठीमागे चूल पेटलेली असावी तशी. पण सोमवारी टेबलावर आडवं करतील, तोंडावर काहीतरी धरतील, आणि उलटे आकडे मोजायला सांगतील, तेव्हा ही ऊब पुरेल का? तिला मरणाची भीती वाटत होती, पण नुसत्या मरणाची नाही. आपण जायचो, आणि त्या वेळी जगात एकही डोळा ओला नसायचा, ही भीती तिने आजवर कधी मनात आणली नव्हती. आज कावळ्याने आणली.

फटीतून तिने लेकीला हाक मारली. "प्रतीक्षे... शिरीशैलनं काय लिहिलं?"

श्रीशैल हैद्राबादला होता. आत्याचा मुलगा, पण पद्माबाईच्या अंगावर प्यालेला. चन्नव्वाला बाळंतपणात ताप भरला आणि तिचं दूध आटलं, तेव्हा योगीराज तीन महिन्यांचा होता.

प्रतीक्षाने वर जाऊन पुन्हा सगळं चाळलं. दोनदा चाळलं. "त्यानं... काही न्हाई लिहिलं आई."

"लाईक?"

"त्ये बी न्हाई."

"कामात असंल," पद्माबाई म्हणाली आणि तिने फट लावून घेतली.

*

पाचची आळंद गाडी फाट्यावर थांबली आणि थोड्याच वेळात गावाच्या तोंडाशी तो आवाज उठला.

आधी नुसता सूर आला. मग शब्द. वेशीपासून सूर लावून, केस सोडून, शब्दाशब्दाने माणूस आठवत येणारं ते जुनं रडणं. गावात हल्ली ते कमीच झालं होतं. बायका आता टॉवेलात तोंड घालून रडत.

"अगं माझ्या पदमे गंऽऽ... न सांगता गेलीस गंऽऽ..."

अव्वाच्या हातातलं सूप सुटलं. "चन्नी," ती म्हणाली. "ही माझी चन्नी हाय."

पद्माबाई उठून दाराशी आली, पण अव्वाने आत येऊन तिचं मनगट धरलं. म्हातारीची पकड मेंढीचा पाय धरल्यासारखी होती. "उंबऱ्याला तिचा हात लागंपतूर भाईर यायचं न्हाई. मोडतंय समदं."

फाट्यापासून घरापर्यंतची वाट गावाच्या मधून जाते. सगळं गाव दारात आलं. आणि सगळ्या गावाला ठाऊक होतं. राजूबाईने दुपारीच घरोघर सांगितलं होतं, कावळा बसला, खोटा सांगावा धाडलाय. एका शब्दात चन्नव्वाला थांबवता आलं असतं. अक्का, गप, आहे ती. पण कुणी तो शब्द उच्चारला नाही. पानपट्टीवाल्याने टेप बंद केला. उसाची बैलगाडी एका अंगाला उभी राहिली. बायकांनी पदर तोंडाला लावला, कुणाला हसू येत होतं, कुणाला रडू. राजूबाई कोपऱ्यावर उभी राहून पोरासोरांना डोळ्यांनी दटावत होती. रडणं मध्ये तुटू नये म्हणून अख्खं गाव श्वास धरून वाट देत होतं.

"परकरातली पोर गं तूऽ... चुलीम्होरं उबी केली गंऽ... भाकर वाकडी व्हायची गंऽ... मी तुला हसायची गंऽऽ..."

आवाज जवळ आला.

"ताप मला भरला गंऽ... लेकरू माझं वाळलं गंऽ... एका मांडीवर तुझा गंऽ, एका मांडीवर माझा गंऽ... कुनाला आदी घेतीस म्हून, दाराआडून बगायची मी गंऽ... आदी माझा घ्यायचीस गंऽऽ, मागून तुझा घ्यायचीस गंऽऽ..."

अव्वाची पकड ढिली झाली होती, पण पद्माबाई हलली नाही. ती तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची असेल. दाराआड कुणी आहे हे तिला कधी कळलंच नव्हतं. आधी दुसऱ्याचं लेकरू घ्यायचं हे तिने ठरवलेलंही नव्हतं, ते जास्त रडायचं म्हणून. त्याचं कुणी काही धरून ठेवलं असेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"हळदीत म्या गायलं गंऽ... लोकं हसली, मी बी हसले गंऽ... ताट टाकून उठलीस गंऽ... मांडवाच्या मेढीपतूर मागं आले गं मीऽऽ... वळून न्हाई बगितलंस गंऽ... हाक माराया तोंड न्हाई झालं गंऽऽ... आता कुनाला मारू गंऽऽऽ..."

उंबऱ्यावर हात आपटल्याचा आवाज झाला. बांगड्या वाजल्या.

पद्माबाई बाहेर आली.

चन्नव्वा उंबऱ्यावर कपाळ टेकून होती. पांढरे-काळे केस मातीला लागले होते. तिला समोर पाय दिसले. जोडवी दिसली. तिने मान वर केली, आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"सटवे," ती म्हणाली. "हाईस तू?"

"हाय."

"मंग मी कुनाला रडायलेय?"

"मलाच."

"कावळा बसला हुता चन्ने डोक्यावर," अव्वा गुळाचा खडा घेऊन पुढे झाली. "दिवे लागायच्या आत झालं बग. तोंड उगड."

चन्नव्वाने ओठ गच्च मिटले. मग तिला कंठ फुटला. "कावळा? कावळ्यापायी मला बोलावलंव? शिरू फोनवर बोलंना, नुसता हुंदके देऊन रडायलाय... 'आई, मामी गेली, तू जा, मी निगालोय'... म्या म्हनलं आपरेशनमदीच गेली. केस सोडून बसमदी चढले मी! कंडाक्टरनं तिकीट सुदीक मागितलं न्हाई! समदी गाडी माझ्यासंगं रडली. आन ही हितं जोडवी घालून हुबी! लाज न्हाई वाटत? मेली का न्हाईस मंग?"

"सोमवारी बगते," पद्माबाई म्हणाली.

चन्नव्वाने तिला दंडावर एक सणसणीत चापट मारली, आणि मग तोच दंड धरून पुन्हा रडायला लागली. चालू झालेलं रडणं असं मध्येच थांबत नसतं, ते आपलं संपूनच थांबतं. पद्माबाईने आतून तांब्या आणला आणि स्वतःच्या मरणाला रडणाऱ्या बाईला पाणी पाजलं. पाण्यासोबत अव्वाने गूळही आत सरकवून दिला.

"शिरूला सांगा कुनीतरी," चन्नव्वा गुळाचं तोंड पुसत म्हणाली. "गाडीत हाय त्यो."

माळवदावरून फोन लागला. पद्माबाई कित्येक वर्षांनी शिडी चढली. "शिरू? मी बोलायलेय. मामी. हाय मी रे, जित्ती हाय."

पलीकडे बसची घरघर आणि कुणाचं तरी पोर.

"शिरू?"

"किती फोन केले मामाला," तो म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. "कुठं होता फोन?"

"कनगीत." ती थांबली. "तू तितं काही लिहिलं न्हाईस रे."

"काय लिहिनार मामी? बटनं दिसना गेलती." मग नाक ओढल्याचा आवाज आला. "जहीराबाद गेलंय आता. मी काही उतरत न्हाई. येतोच. भाकरी टाक."

ती खाली उतरली तेव्हा इरप्पा कणगीत कोपरापर्यंत हात घालून फोन शोधत होता. त्याचा चेहरा तिला दिसला नाही, पण खांदे हलत होते. मेलेल्या बाईच्या नवऱ्याने दिवसभरात एकच शब्द काढला होता. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढे गेली.

"आई, गटावर काय लिहू आता?" प्रतीक्षाने विचारलं. "समद्यांना खरं सांगाया पायजे."

पद्माबाईने विचार केला. "लिव, भाताची मावशी हाय. उद्या दुपारी भात हाय. आन तिचं नाव पद्माबाई हाय."

ते टाकल्यावर चावडीत पुन्हा गलका उठला. एकाने भरभरून हा हा हा लिहिलं. एकाने लिहिलं, आईशपथ घाबरलो होतो. एकजण रागावला, असली थट्टा करतात का म्हणून. त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं, तू आळंद तालुक्याचा दिसत नाहीस. आणि दुपारी ज्याने टिपूस काढलं होतं, त्याने आता टिपसाशिवाय, वर वळलेल्या कंसाचं तोंड काढलं.

"ह्यो हसायलाय अव्वा."

"असंल," अव्वा म्हणाली. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती देवळीतला दिवा पुसत होती. "चन्ने, मोकळ्या केसानं बसू नको गं. दिवा लागायलाय."

चन्नव्वाने केसांत हात घातला आणि कळवळली. बसचा वारा, धूळ आणि उंबऱ्याची माती मिळून गुंता झाला होता. "ह्ये आता मला सुटत न्हाई," ती म्हणाली.

पद्माबाई तेलाची बाटली आणि फणी घेऊन तिच्या मागे पायरीवर बसली. खालच्या टोकापासून गुंता सोडवत हळूहळू वर येऊ लागली. दोघींची तोंडं एकाच बाजूला, अंगणाकडे. बोलायला ते बरं होतं.

"हळू. उपटतीस का काय."

"मान हलवू नको."

"सोमवारी कितीची गाडी?"

"सातची."

"रातच्याला दवाखान्यात कोन ऱ्हानार तुझ्यापाशी? इरप्पा ऱ्हानार? त्येला बायकांच्या वार्डात कोन घेतंय?"

केसांचा आगवळ पद्माबाईने दातात धरला होता.

"मी ऱ्हाते," चन्नव्वा अंगणाकडे बघत म्हणाली.

"हं," पद्माबाई दातातल्या दातात म्हणाली. तिने केस एका मुठीत घेतले, पिळा घातला, आगवळ गुंडाळला, आणि आंबाडा मानेवर नीट बसवला. सैल झालेली एक बट मागे सारली. मग अजून एक. आंबाडा बांधून झाला होता, तरी तिने हात काढला नाही.